उचलला म्हणजे काय?

सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१

चोर सापडला म्हणे! आणि कोण, तर रंगखात्यातला लुईस! मला हसूच आलं. बारा वर्षं आमच्या कंपनीत लोखंडी कपाटांना रंग मारतोय. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला चोर म्हणायचं तर आम्ही सगळे दरोडेखोर. ऑफिसच्या टाचण्या कोणाच्या घरी नाहीत?

झालं असं. शनिवारी सुटायच्या वेळी सायकल स्टँडवर लुईसच्या सायकलीपाशी निळ्या रंगाचा डबा सापडला. पाच लिटरचा, सीलबंद, वर गोणपाट. मिश्रा वॉचमनने शिट्टी फुंकून अर्धी कंपनी गोळा केली. "हम अपनी आँख से देखा साब, इसी ने रखा!" कुरियन साहेब धावत आले. हे आमचे पर्सोनेल मॅनेजर. केरळचे. मराठीतलं त्यांना ‘पाणी’ आणि ‘उद्या’ एवढंच येतं. त्यांनी तिथल्या तिथे लुईसच्या हातात कागद दिला, जे झालं ते लिहून दे. त्याने दीड ओळ लिहिली — "पाच लिटरचा डबा मी उचलला व सायकलपाशी ठेवला. लुईस." बस! ना महाशय, ना कृपा असावी.

तो कागद आज माझ्या टेबलावर आला. मुंबईच्या हेड ऑफिसला इंग्रजीत हवा. नीलिमा गुप्ते, टायपिस्ट आणि वेळेला जे पडेल ते! पाच मिनिटांत करून दिलं. ‘आय लिफ्टेड द फाइव्ह लिटर टिन…’ उचलला म्हणजे लिफ्टेड. लिफ्ट माणसाला उचलतेच ना? (आमच्या शांती नगरची सोडून. ती फक्त बंद पडते.)

कुरियन साहेब वाचून खूश. "व्हेरी गुड, मिसेस गुप्ते. व्हेरी क्लिअर!" तीन वर्षांत पहिली शाबासकी. येताना वडे घेऊन आले.

बुधवार, १३ नोव्हेंबर

टँकर आला नाही. न नाहता ऑफिस. बाकी काही नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

लुईस सस्पेंड. हेड ऑफिसने मसुदा पाठवला आणि मी आज त्याचं चार्जशीट टाइप केलं. दोन पानं, चार कार्बन. बोटं दुखतायत.

घरी आल्या आल्या सांगितलं तर काय गंमत! पिंकी म्हणाली, "आई, मला पण आज चार्ज दिला टीचरनी! बोलणाऱ्यांची नावं लिहायचा." समोरच्या शाहबेन दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळे मोठे केले — "चार्जशीट? पुलिस आयी थी क्या?" अहो बेन, पोलिसांचं वेगळं, कंपनीचं वेगळं. हा घरातला मामला. पोलिस नाही, कोर्ट नाही. कंपनीच आरोप लावणार, कंपनीच चौकशी करणार, आणि सिद्ध झालं तर नोकरी जाणार. "तो फिर पुलिस से भी बुरा," बेन म्हणाल्या. हे काही मला सुचलं नव्हतं.

सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे चोरच ठरला की तो."

"नाही हो आई. आरोप आहे नुसता. अजून सिद्ध व्हायचाय."

"आळ आहे म्हण मग."

"आळ म्हणजे खोटा. आरोप खराही असतो, खोटाही असतो."

"आणि ठपका?"

"तो चौकशी झाल्यावर ठेवतात."

"काय गं बाई," त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी सासू एकदम बोल लावायची. चौकशी नाही नि काही नाही."

माझ्या नवऱ्याला, जितेंद्रला, तर निमित्तच हवं होतं. जेवताना चमचा ठोकून — "आरोपी नीलिमा! आमटीत मीठ न घातल्याचा आरोप तुला मान्य आहे का?" मी म्हटलं, मान्य नाही, पुरावा चाखून झालेला आहे, वाटी रिकामी आहे. आई हसल्या.

सोमवार, १८ नोव्हेंबर

लुईसने चार्जशीट घेतलंच नाही. म्हणजे घेतलं, पाहिलं, टेबलावर परत ठेवलं. "मला इंग्रजी येत न्हाय. मराठीत द्या." कुरियन साहेब भडकले. पण प्रेसखात्यातला सदू म्हात्रे बरोबर होता. तो चौकशीत लुईसची बाजू मांडणार आहे. कामगाराला तसा आपल्यातलाच एक माणूस घेता येतो. सदू म्हणाला, "साहेब, ज्याच्यावर आरोप, त्याला कळेल अशा भाषेत दिला पायजे. रूल आहे." साहेबांनी रूल काढून पाहिला. होता!

मग काय — "मिसेस गुप्ते!"

मराठी टाइपरायटरचा ‘र’ उठत नाही. ‘आरोप’ लिहायला गेलं की मधेच भोक पडतं. म्हणून हातानेच लिहायला बसले. आधी मथळ्यालाच अडले. दोषारोपपत्र लिहू की आरोपपत्र? दोषारोप म्हटलं की दोष आधीच देऊन टाकला! आरोपपत्र लिहिलं. पुढे ‘थेफ्ट, फ्रॉड ऑर डिसऑनेस्टी’ — चोरी, लबाडी किंवा अप्रामाणिकपणा. ठीक. ‘सबव्हर्सिव्ह ऑफ डिसिप्लिन’ — शिस्तीला बाधक. माझी मलाच ऐट वाटायला लागली.

आणि तिसऱ्या परिच्छेदात हात थांबला. ‘यू हॅव युअरसेल्फ अ‍ॅडमिटेड इन रायटिंग दॅट यू लिफ्टेड द सेड टिन.’ आपण स्वतः लेखी कबूल केले आहे की सदर डबा आपण — काय? ‘उचलला’ लिहावं तर त्यात कबूल करण्यासारखं काय आहे? माणूस दिवसभर डबेच उचलतो! साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "लिफ्टेड, मिसेस गुप्ते! लाइक शॉपलिफ्टर. स्टोल. चोरी, चोरी!" (हा तिसरा मराठी शब्द त्यांना येतो म्हणजे.)

डिक्शनरी काढली. लिफ्ट. उचलणे, वर करणे, उंचावणे… आणि अगदी खाली, बारीक अक्षरात — चोरणे.

लुईसने लिहिलं ‘उचलला’. माझ्या हातून इंग्रजीत गेलं ‘लिफ्टेड’. आणि आता परत मराठीत येतंय तर ‘चोरला’ होऊन येतंय. सासरी गेलेली मुलगी महिनाभरात दुसरंच नाव घेऊन परत यावी तसं. आणि पाठवणी कोणी केली? मी!

शेवटी लिहिलं — ‘उचलला (चोरला)’. कंसात. सही साहेबांची, पण अक्षर माझं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

घरी सांगून टाकलं. जितेंद्र म्हणाला, "उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!" राग आला, पण म्हण चपखल होती.

मग जेवण बाजूला राहिलं आणि सगळे उचलायलाच लागले. आई म्हणाल्या, विडा उचलतात, मूल उचलून घेतात, ताट उचलतात. पिंकी म्हणाली, हात उचलतात — टीचर उचलतात. मी म्हटलं, बघा, यात चोरी कुठे आहे?

"आणि उचल्या म्हणजे?" जितेंद्र म्हणाला. "फलाटावर पाटी असते. भुरट्या चोरांपासून नि उचल्यांपासून सावध राहा."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी मराठीच्या बाजूने आहे."

आई म्हणाल्या, "शब्द काय, कोण बोलतो त्यावर असतो. हा उचल्यासारखा आहे का गं माणूस?"

नाही. अजिबात नाही. गेल्या वर्षी माझी पर्स मेटॅडोरमध्ये राहिली होती, कंपनीची गाडी थेट भाईंदर गाठून परत आली होती. पर्स लुईसने आणून दिली. उघडूनसुद्धा पाहिली नव्हती, नाहीतर आतलं केळं कुजायच्या आधी कळवलं असतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

साहेबांकडे गेले. धीर करून म्हटलं, सर, माझं भाषांतर चुकलंय. ‘पिक्ड अप’ हवं होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, हेड ऑफिसने तुमच्याच वाक्यावर चार्ज मंजूर केलाय. आता तुम्ही म्हणता चूक. उद्या म्हणाल पगाराचं पत्रही चुकलं. "डोन्ट कन्फ्यूज, मिसेस गुप्ते. गो अँड टाइप."

गेले आणि दुसरी पत्रं टाइप केली. भित्री भागूबाई!

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

लुईस मराठी आरोपपत्र घ्यायला आला. पाण्याच्या टाकीपाशी गाठला त्याला. पांढरा शर्ट इस्त्रीचा, चर्चला निघाल्यासारखा. मला तर रडूच येत होतं. सगळं सांगितलं. लुईस, तुम्ही लिहिलं बरोबर, मीच घोळ घातला, माझी चूक आहे.

त्याने ऐकून घेतलं. पेला धुऊन जागेवर ठेवला. "तुमची चूक न्हाय, बाय."

"अहो, माझीच आहे!"

"न्हाय, बाय. तुमी कशाला जिवाला लावून घेता?"

केवढं मन माणसाचं! नोकरी जायची वेळ आलीय आणि हा मला समजावतोय. दुसरा कोणी असता तर चार शिव्या घातल्या असत्या, आणि मी त्या खाल्ल्याही असत्या.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सदू म्हात्रे जेवणाच्या सुट्टीत येऊन बसला. आधी हसला पोट धरून, मग गंभीर झाला. हसण्याचं कारण असं, की तिकडे उत्तनला लुईसच्या गावात बातमी पोचली, ‘लुईसला हाफिसातून चार्ज दिला’. गावाला वाटलं, फोरमन झाला! खात्याचा चार्ज मिळाला! शेजारी घरी येऊन हात मिळवून गेले. कोणीतरी त्याच्या बायकोला, फ्लोरिनला, केकसुद्धा आणून दिला. आणि लुईस घरात बसून. लोक म्हणतात, बघा, साहेब झाला तर कामावर पण जात न्हाय!

"मग त्याने सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. म्हनला, चोरीचा चार्ज हाय. तर लोक म्हनाले, गंमत करतो! आजून केक आनला."

मी पण हसले. मग हसू राहिलं तिथेच. कारण सदू म्हणाला, "बाई, साक्षीला याल?"

कंपनीची सगळी केस त्या एका वाक्यावर आहे. वॉचमनने डबा ठेवताना पाहिला, गेटबाहेर नेताना नाही. सायकल स्टँड रंगखात्याच्या भिंतीलाच लागून आहे. स्टोअरचे डबे तिथे कितीदा उतरतात, गोणपाट तर सगळ्याच डब्यांवर असतं. लुईसची ‘कबुली’ काढून घेतली तर हाती काही राहत नाही. आणि ती कबुली नाही हे सांगू शकणारं माणूस एकच. मी.

उद्या सांगते म्हटलं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

उद्या सांगते म्हटलं परत.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

हो म्हटलं!! सदूने टेबलावर एवढ्या जोराने थाप मारली की टाचण्यांची डबी सांडली.

लुईसला काही विचारून घ्यावं का, असं मी म्हटलं. सदू म्हणाला, तो काय बोलत न्हाय, एकच सांगतो — लिवलंय तेच हाय. "तेच बरं आहे बाई. तोंड उघडलं की वकील त्यात पाय घालतात."

रविवार, १ डिसेंबर

घोडबंदरला गेलो होतो, किल्ल्यावर. पिंकीने खाडीत चप्पल टाकली. जितेंद्रने वाटेत रिहर्सल घेतली, तो वकील, मी साक्षीदार. त्याने इतकं घाबरवलं की मी खऱ्या चौकशीत असं रडले तर लुईसला थेट फाशीच होईल. आईंनी त्याला गप्प केलं. "तू खरं बोलणार आहेस ना? मग भिऊ नकोस. खोटं बोलणाऱ्याने पाठांतर करायचं."

सोमवार, ९ डिसेंबर

झाली चौकशी. लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

कँटीनमागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. चौकशी अधिकारी मुंबईहून आले, पारशी म्हातारे वकील, आणि आडनाव काय तर कॉन्ट्रॅक्टर! मराठी समजतं, म्हणाले, पण "ओन्ली वेजिटेबल मराठी". भाजीवालीशी बोलण्यापुरतं. शेजारी स्टेनो. एका बाजूला कुरियन साहेब, दुसऱ्या बाजूला लुईस आणि सदू. लुईस तोच पांढरा शर्ट घालून हात मांडीवर ठेवून बसलेला.

आधी वॉचमन. मिश्राने आधी सांगितलं, लुईस डबा गोणपाटाखाली लपवत होता. सदूने विचारलं, रंगखात्यातला गोणपाटाशिवायचा डबा कधी पाहिलाय का? मिश्रा म्हणाला, "नहीं, सब पे रहता है।" सदू खाली बसला. शहाणा आहे सदू.

कुरियन साहेबांना तर घाईच होती. त्यांनी लुईसला एकच विचारलं, हे अक्षर तुझं आहे का? "माझंच हाय." साहेब म्हणाले, दॅट्स ऑल, सर. त्यांच्या मते केस तिथेच संपली.

मग मला बोलावलं. मी सांगितलं. मूळ मराठी माझ्याकडे आलं, इंग्रजी मी केलं, ‘लिफ्टेड’ हा शब्द माझा, आणि तो चुकीचा आहे. ‘उचलणे’ म्हणजे पिक अप. कुरियन साहेब उठले. मिसेस गुप्ते, तुम्ही किती वर्षं इंग्रजी टाइप करता? नऊ. आणि लिफ्ट म्हणजे स्टील हे तुम्हाला माहीत नव्हतं? नाही, सर. हे सांगताना कान असे तापले! सगळ्या खात्यांसमोर नीलिमा गुप्तेला इंग्रजी येत नाही असं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. स्टेनोने ते लिहूनही घेतलं.

कॉन्ट्रॅक्टर साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, पण मराठीत ‘उचल्या’ म्हणजे चोर ना? माय भाजीवाली सेज सो.

जितेंद्र, तुझ्या तोंडात साखर पडो! नेमकं हेच विचारलं होतंस. पण पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. मग काय झालं मलाच कळलं नाही. खुर्चीवर त्यांची कातडी बॅग होती. मी ती उचलली, आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. म्हटलं, "सर, मी आत्ता तुमची बॅग उचलली. दुसरा शब्दच नाही मराठीत. मी चोर आहे का?"

मग म्हातारा असा हसला की खोकलाच लागला. "नॉट टिल यू रीच द गेट, मॅडम!" गेटपर्यंत पोचेपर्यंत नाही!

आणि सदूने तिथेच पकडलं. सर, लुईस पण गेटपर्यंत पोचला नव्हता.

शेवटी कॉन्ट्रॅक्टर साहेबांनी लुईसकडे वळून विचारलं, त्यांच्या त्या भाजीच्या मराठीत, "तू काय बोलते? उचलला म्हणजे काय?"

लुईस उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, सदूकडे बघितलं. "उचलला म्हंजे उचलला," म्हणाला.

सगळे हसले. स्टेनोसुद्धा. आणखी काही सांगायचंय का? न्हाय. बसला. सही केली.

इतकं साधं उत्तर! मी एवढी धडपड केली आणि त्याने दोन शब्दांत मिटवलं. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला.

मंगळवार, १० डिसेंबर

कुरियन साहेब बोलत नाहीत. पत्रं शिपायाकडून पाठवतात. केबिन चार पावलांवर आहे.

शनिवार, १४ डिसेंबर

शांती नगरात कीर्ती पसरली आहे! शाहबेनने दोन मजल्यांवर सांगितलं की मी कोर्टात वकिलाची बॅग पळवली आणि केस जिंकली. खालच्या किराणावाल्याने विचारलं, "भाभी, मेरा भी एक केस है।" आई खऱ्याच खूश आहेत. पण शेगडीवरून पातेलं उतरवायला सांगताना आता "उचल" म्हणत नाहीत, "वकीलसाहेब, घ्या" म्हणतात.

निकाल अजून नाही. सदू म्हणतो नाताळाआधी येईल. लुईसचं घर अर्ध्या पगारावर आहे, फ्लोरिन मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायला लागलीय म्हणे. तिला कोणी केक आणून देत नाही आता. गावाला कळलंय.

सोमवार, २३ डिसेंबर

‘द चार्ज इज नॉट प्रूव्ह्ड.’

मीच टाइप केलं! हेड ऑफिसचं पत्र. ‘आरोप सिद्ध झालेला नाही.’ मराठीत लिहिताना शाई सांडली, दुसरा कागद घेतला. लुईस उद्यापासून कामावर. सस्पेन्शनचे दिवस हजेरीत धरले जाणार.

सदू नाचतच आला. जेसल पार्कला राहतो तो, तिथून पेढे आणले, रंगखात्यात वाटले. लुईस पत्र घ्यायला आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मान खाली घालून उभा राहिला. डोळ्यांत पाणी. पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. माझ्याकडे आला, म्हणाला, "बाय, एक बोलायचं होतं." पण तेवढ्यात सदूने त्याला ओढून नेलं.

म्हटलं, काय ते आभार, नंतर मानेल. खरं सांगायचं तर मला आज आभाराची गरजच नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट केलं असं वाटतंय.

सासूबाई म्हणाल्या, सिद्ध झाला नाही म्हणजे निर्दोष ना? मी म्हटलं, हो आई, तेच ते. जितेंद्र म्हणाला, तेच ते नाही हां. मी त्याला आमटीत खरंच मीठ घातलं नाही.

गुरुवार, २ जानेवारी १९९२

नव्या वर्षाची भेट. मेमो! ‘निष्काळजीपणे केलेल्या भाषांतरामुळे कंपनीची हानी. यापुढे असे घडल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.’ आणि तो टाइप कोणाला करायला दिला? मलाच. इंग्रजीत एक, मराठीत एक. मराठी मेमोसाठी ‘र’ दुरुस्त करून घेतला बरं का साहेबांनी, खास मेकॅनिक बोलावून!

साहेबांच्या सहीसाठी नेला तेव्हा ते म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी, मिसेस गुप्ते. हेड ऑफिस." चेहरा खरंच पडला होता. माणूस वाईट नाही.

मी एक प्रत घरी आणली. जितेंद्र म्हणतो फ्रेम करू. असू दे. माझ्या एका मेमोच्या बदल्यात एका निरपराध माणसाची नोकरी राहिली. रोज मिळाला असा तर रोज घेईन.

रविवार, ५ जानेवारी

लुईस आणि फ्लोरिन घरी आले. फ्लोरिनने सुके बोंबील आणले, पिंकीला केक. आई एकदम रंगात. गप्पांत त्यांनी सहज विचारलं, "पण काय हो, तो डबा निघाला होता कुठे?" आणि मला लख्खकन वाटलं, इतक्या दिवसांत हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, वकिलांनी नाही, मी तर नाहीच.

"घरी," लुईस म्हणाला. "मेव्हण्याच्या होडीला मारायला."

फ्लोरिन खाली बघत राहिली. जितेंद्र हसायला लागला आणि थांबला.

मी म्हटलं, लुईस, अहो, पण तुम्ही तर…

"मी पहिल्याच दिवशी लिवलं होतं ना. खोटं एक अक्षर न्हाय लिवलं." तो उठून उभा राहिला, चौकशीच्या दिवशी राहिला होता तसाच. "तुमी पयलं इंग्रजी केलं होतं ना, बाय? सदूनं सांगितलं मला. तेच बरोबर होतं."